बकऱ्याचं बिल

बकऱ्याचं पक्कं बिल मिळत नाही. मी खटपट करून पाहिली आहे, म्हणून सांगते.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली, तीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहिणारी बाई. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका छोट्या संस्थेने गळ घातली, "ताई, आमचं ग्रँटचं तेवढं बघून द्या." आदिवासी वारसा जतन करायला सरकारी अनुदान मिळालं होतं. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या घरांत पाच पिठोरे करून घ्यायचे, फोटो काढायचे आणि ३१ मार्चच्या आत यूसी, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, भरायचं. मला वाटलं, दोन रविवारचं काम.

पिठोरा म्हणजे फ्रेममधले रंगीत घोडे, एवढंच मलाही ठाऊक होतं. डभोई, बोडेली करत प्रत्यक्ष घरात जाऊन बसले तेव्हा कळलं की राठवा पिठोरा काढत नाहीत, 'लिहितात'. लिहिणारा तो लखारा. घरात आजारपण आलं, गुरं दगावली की बडव्याकडे जायचं (पंढरपूरचे बडवे नव्हेत, हा त्यांचा देवऋषी), तो सांगेल ती बाधा, म्हणजे नवस, बोलायचा आणि ऐपत आली की फेडायचा. जागा ठरलेली. ओसरी आणि आतलं घर यांच्या मधली भिंत. बिनलग्नाच्या पोरी ती शेणमातीने लिंपतात, वर पांढरी माती चढवतात. रंग कालवायचे दुधात आणि महुड्याच्या, म्हणजे मोहाच्या, दारूत. मी गेले तेव्हा एक म्हातारा लखारा घोड्याच्या पायाशी उकिडवा बसला होता. डाव्या तळहातावर पळसाचं पान, त्यावर रंगाचा ठिपका, आणि मागे गाणं चालू. रात्र सरत आल्यावर बडव्याच्या अंगात आलं. त्याने एकेक आकृती हात लावून ओळखली, एक राहिली होती ती भरून घ्यायला लावली. मग बकरा, आणि सगळ्या गावाला जेवण.

आता हे व्हाउचरवर बसवा.

दुधाची पावती गावच्या दूध मंडळीने दिली. रंगांचं बिल बोडेलीच्या दुकानाचं, जीएसटीसकट. बकरा कोणाच्या तरी चुलतभावाचा, त्याने कागदावर अंगठा दिला. आणि महुडा? गुजरातेत राज्य झालं त्या १९६० पासून दारूबंदी. सरकारी अनुदानाच्या खर्चात दारूच्या दोन बाटल्या दाखवायच्या म्हणजे मीच आत जायची! मी लिहिलं, 'रंगात मिसळण्याचं द्रव्य, २ बाटल्या'.

तेवढा एकच पिठोरा खरा झाला. बाकीच्या चार घरांत बाधा फेडायची वेळ आली नव्हती. कापसाचे पैसे हातात नव्हते, एका घरी मयत झालं होतं. देवाला ३१ मार्च कळत नाही. शेवटी संस्थेने बडोद्यात एका हॉलमध्ये चार प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या आणि लखाऱ्यांकडून ॲक्रिलिक रंगांत घोडे काढून घेतले. सुरेख झाले. तो म्हातारा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "बेन, हे चित्र आहे. पिठोरो नाही. ह्यात देवाला बोलावलंच कोणी नाही."

आणि गंमत बघा. प्लायच्या चारही फळ्यांवर ऑडिटची एकही क्वेरी आली नाही. प्लायचं बिल, रंगाचं बिल, हॉलचं भाडं, टेम्पोचं भाडं, सगळं चोख. अकरा क्वेऱ्या आल्या त्या घरातल्या पिठोऱ्यावर.

मी ऑडिटवाल्यांना शिव्या घालणार नाही, तो माझाच धंदा आहे. पैसा जनतेचा, हिशेब हवाच. पण फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'कलाकृती किती वर्षं टिकेल'. बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंतींना हा प्रश्न शोभतो, तिथे आहे ते तसंच ठेवायचं. पिठोऱ्याचं उलटं आहे. पुढची बाधा आली की जुन्यावर नवं लिंपण चढतं. त्यात टिकतो तो लखाऱ्याचा हात, बडव्याचं पाठांतर आणि ती भिंत. भिंतीचं तर विचारूच नका. एक खातं भिंतीवरचं चित्र वाचवायला पैसे देतं आणि दुसरं आवास योजनेत १ लाख २० हजार देऊन किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर बांधायला लावतं. लोकांना पक्कं घर हवंच आहे, का नको असावं? पण तेवढ्यात ओसरी कुठे बसवणार?

माझी खरी तक्रार मात्र फॉर्मच्या पहिल्याच ओळीवर आहे. 'अर्जदार संस्थेचं नाव.' नोंदणी, संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद. गाव कुठे आहे? शेवटच्या पानावर, 'लाभार्थी' या रकान्यात. म्हणजे पिठोरा ज्यांचा ते लाभार्थी, आणि आम्ही डभोई रोडच्या अलीकडचे, शहरातले, मालक.

अमेरिकेने तिथल्या मूळ लोकांचं काय केलं ते सांगायला नको. पण १९६६ च्या त्यांच्या वारसा कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि जमाती स्वतःचं वारसा कार्यालय चालवू लागल्या. समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून निधी येतो, त्यातलं अनुदान जमातीच्या नावाने मिळतं. अर्जदार जमात. आपल्याकडे तर कायदा आधीपासून आहे. १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, सांगतो की आपल्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. गुजरातने त्याचे नियमही २०१७ मध्ये केले. मग अर्ज ग्रामसभेने का करू नये? एका पिठोऱ्याला ठरलेली एकरकमी रक्कम, तारीख गावाची, आणि काम झाल्याचा पुरावा म्हणजे ग्रामसभेचा ठराव. केंद्राच्या गुरु-शिष्य योजनेत गुरूला वर्षानुवर्षं महिना ७,५०० आणि शिष्याला १,५०० मिळत आलेत. त्यातून गुरूने तांदूळ आणला की तंबाखू, हे कोणी विचारत नाही.

हे बोलले की आपल्याच मंडळातली मंडळी म्हणतात, "गावाच्या हातात पैसे? उडवतील." अहो, आपल्या गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीचं यूसी शेवटचं कधी पाहिलंत? आणि कृपा करून कमेंटमध्ये सयाजीराव महाराज काढू नका. महाराज थोरच होते, पण छोटा उदेपूर आपल्या बडोदा संस्थानात नव्हतं, ते रेवाकांठ्यातलं वेगळं संस्थान.

दहा क्वेऱ्यांची उत्तरं देऊन झाली, बकऱ्यासकट. अकरावी टेबलावर पडून आहे: 'द्रव्य म्हणजे नक्की काय, याचा खुलासा करावा.'