"सगळे कागद इंग्रजांनी नेले" हे खरं नाही

"मराठ्यांचे अस्सल कागद इंग्रजांनी लंडनला नेले. उरले ते मोडीत, म्हणजे वाचता येत नाहीत, आणि सामान्य माणसाला कुणी दाखवतही नाही. वारसा पाहायचा तर किल्ले फिरा, पाट्या वाचा." हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो वाचून लोक दफ्तराची (जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहाची) पायरी चढायच्या आधीच माघारी फिरतात, म्हणून हे उत्तर.

लंडनला कंपनी सरकारचे कागद आहेत, हे खरं. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, मात्र पुण्यातच आहे. इनामांचे हक्क तपासायला इंग्रजांनाच ते लागत होतं, म्हणून टिकलं. त्यातले निवडक कागद इतिहासकार रियासतकार सरदेसाईंनी १९३० पासून ४५ खंडांत छापले. सुरुवात या खंडांपासूनच करावी.

"दाखवत नाहीत" हेही चूक. ओळखपत्र आणि अर्ज लागतो. अर्जात "मराठ्यांचा इतिहास" असं मोघम लिहिलं तर कुठला रुमाल (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) काढायचा हे कुणालाच कळत नाही. गाव, परगणा, काळ लिहा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले बरेच कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात.

मोडी लिपीची अक्षरं सरावाने येतात. खरी अडचण वेगळी: शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, 'मौजे'चं (म्हणजे गाव) नुसतं 'मौ॥' होतं. त्याहून घात करते तारीख. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे १+६०+१००+१०००, सुहूर सन ११६१; मराठी कागदांतली ही कालगणना अरबी आकड्यांत लिहीत. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुमारास, सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तिथे ६०० बरोबर. पण सरसकट ६०० धरले, तर दिल्ली घेतल्याचं ऑगस्ट १७६० चं पत्र १७६१ चं ठरतं आणि भाऊसाहेब (पानिपतावरचे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ) पानिपतानंतर दिल्ली घेताना दिसतात! अशा चुका छापूनही येतात.

राहिली पाटी. तिच्यावर किल्ल्याचं आजचं नाव असतं. दफ्तराच्या सूचीत नुसतं 'सिंहगड' शोधलंत तर पुष्कळ कागद निसटतील, 'कोंडाणा'ही शोधा. विशाळगडासाठी 'खेळणा', अजिंक्यताऱ्यासाठी 'सातारा' आणि मोगली कागदांत 'आझमतारा'. कागद सापडला की दफ्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक तिथल्या तिथे टिपून ठेवा. नुसता फोटो घेऊन आलात, तर तोच कागद दुसऱ्याला पडताळता येणार नाही.