खुलासा: सुपरबग सॅनिटायझरने मरतात
‘रुग्णालयातल्या सुपरबगवर (औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर) सॅनिटायझर चालत नाही, हातमोजे घातले की झालं’ हा मेसेज चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका. अल्कोहोल जंतूचं आवरणच फोडतं, म्हणून औषधांना दाद न देणारा क्लेब्सिएला हा जंतूही त्याने मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात: ओंजळीत पुरेसं घ्या, २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. बोटांची टोकं आणि अंगठे हमखास राहून जातात! जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) मात्र अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. हातमोज्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, काढतानाही हात माखतात. त्यामुळे मोजे उतरवल्यावर आणि दुसऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी हात स्वच्छ करायलाच हवेत.