नकाशातला लाल डाग म्हणजे नत्राची कमतरता नव्हे

परवा मामांनी एक संदेश पुढे पाठवला. तोवर त्यांनी युरिया टाकलाही होता. संदेश असा: ‘माती परीक्षण विसरा. उपग्रह तुमच्या जमिनीतलं नत्र, स्फुरद, पालाश रोज मोजतो, कीड येण्याच्या पंधरा दिवस आधी सांगतो, मुळाशी किती ओल आहे तेही दाखवतो. नकाशात लाल दिसेल तिथे खत द्या.’ हाच मजकूर याआधी दोन-तीन गटांत मला आला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. आता सोडवत नाही.

आधी खताचं बोलू, कारण नुकसान तिथेच झालंय.

उपग्रहाला जमिनीतलं पालाश दिसत नाही, स्फुरद दिसत नाही. असले बरेच पीक-नकाशे सेंटिनेल-2 या उपग्रहांच्या मोफत चित्रांवरून बनतात. युरोपीय अंतराळ संस्थेने या उपग्रहांची सगळी तांत्रिक माहिती खुली ठेवली आहे. त्यांचा कॅमेरा प्रकाशाचे 13 पट्टे टिपतो, आणि तेराही पट्टे परावर्तित सूर्यप्रकाशाचे आहेत. सूर्यप्रकाश मातीत वीतभर खाली जाऊन परत येत नाही. पीक दाटलं की मातीचा वरचा थरसुद्धा दिसत नाही, दिसतात ती फक्त पानं.

पानांवरून काय कळतं? निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्याच बेरजेने भागलं की एनडीव्हीआय मिळतो. तो हिरवेपणाचा आकडा आहे. हिरवेपणा का घटला, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. नत्र कमी पडलं असेल, मुळं कुजली असतील, पेरणी उशिरा झाली असेल, रोग असेल. उलट तण माजलेला तुकडा नकाशात झकास हिरवा दिसतो! शिवाय बऱ्याच नकाशांत रंगांची पट्टी त्याच शेतातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांमध्ये ताणलेली असते. मग पीक सगळीकडे उत्तम असलं तरी कुठला तरी कोपरा लाल दिसणारच.

मामांच्या शेतातला लाल तुकडा सखल आहे. तिथे पाणी तुंबलं होतं. मुळांना हवा मिळेना म्हणून पानं पिवळी पडली, आणि मामांनी तिथेच जास्तीचं नत्र ओतलं. तुंबलेल्या जमिनीत जिवाणू नायट्रेटचं, म्हणजे मातीतल्या नत्राच्या एका रूपाचं, वायूत रूपांतर करतात. म्हणजे खताचा काही भाग पिकाला न मिळता हवेत जातो, आणि त्यात नायट्रस ऑक्साइडही असतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 273 पट तापमानवाढ करतो. शाश्वत शेतीच्या नावाने फिरणाऱ्या संदेशामुळे हे घडावं, याचा मला संताप येतो. तिथे चर हवा होता, खत नव्हे.

बाकीचे दावे. ‘रोज’ नाही. सेंटिनेल-2 ची जोडी एका जागेवर साधारण दर 5 दिवसांनी येते, आणि ढग असले की ती खेपही वाया जाते. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात, पण त्यांना हिरवेपणा कळत नाही. मुळाशी ओल? नासाचा स्मॅप हा उपग्रह खास ओलीसाठीच सोडलेला आहे. तो थेट मोजतो ती वरच्या सुमारे 5 सेंटिमीटरची ओल, आणि तीही कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी. खालच्या थराचे आकडे गणिती अंदाज असतात. कीड येण्याआधी पान बदललेलंच नसतं, मग आकाशातून दिसणार काय? हवामानावरून किडीची शक्यता वर्तवता येते, पण ते काम वेगळं.

एक मात्र कबूल करावं लागेल. शेत सगळीकडे सारखं नसतं आणि सरसकट खत देऊ नये, हे त्या संदेशात खरं आहे. सेंटिनेल-2 चा सर्वांत बारीक चौकोन 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. एवढ्या तपशिलात चार-पाच वर्षांची चित्रं शेजारी ठेवली तर दरवर्षी मागे पडणारा तुकडा स्पष्ट उठून दिसतो. तांबड्या आणि अवरक्ताच्या सीमेवरच्या पट्ट्यांवरून पानांतल्या नत्राचा अंदाजही बांधतात, पण त्यासाठी त्या पिकाची प्रत्यक्ष मोजमापं हाताशी लागतात. बांधालगतच्या चौकोनात झाडं आणि वाट मिसळतात, ते चौकोन सोडून द्यावेत.

म्हणजे हा नकाशा माती परीक्षणाऐवजी वापरायचा नाही. नमुना कुठून घ्यायचा, हे ठरवायला तो कामाला येतो. काल मामांना फोन करून सांगितलं: सगळ्या शेताची माती एकत्र कालवू नका, हिरव्या भागाचा नमुना वेगळा, सखल भागाचा वेगळा. आता खत टाकलंय, त्यामुळे पीक निघेपर्यंत नमुन्यासाठी थांबावं लागेल. चर मात्र ते उद्याच काढायला घेणार आहेत.