लाळ आवरा!

चारचौघांत बोलायला उभा राहिलो की माझ्या तोंडाला जी कोरड पडते, ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत पाठ टेकताच कुठे पळते देव जाणे.

"आता दोन मिनिटं दाढ अगदी कोरडी हवी हं," डॉक्टर म्हणाल्या. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लीटर लाळ तयार होते. माझ्या ग्रंथींनी दिवसभराचा कोटा त्या दोन मिनिटांतच उरकायला घेतला. त्यात किडलेली दाढ वरची, आणि गालातल्या मोठ्या लाळग्रंथीचं तोंड नेमकं तिच्यासमोर! चालू नळाखाली गिलावा करायचा तसा प्रकार.

आधी फॉस्फोरिक ॲसिडचा जेल लागला, धुतला गेला, हवा मारून दाढ वाळवली. ॲसिडने दाताच्या कवचाला बारीक खाचा पडतात, त्यांत बाँडिंगचं द्रव मुरतं आणि त्यावर रेझिनचं फिलिंग घट्ट बसतं. ही युक्ती १९५५ सालची, मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याची. त्यांच्या पेशंटची जीभ बहुधा वळणाची असावी. माझी कुणी बोलावलं नसताना कापसाचा बोळा सरकवून आत डोकावली.

"झालं! भिजवलीत."

"दोन थेंबांनी काय होतंय?" असं मला विचारायचं होतं. बाहेर आलं ते "आँ ऑं आँ?"

"अहो, लाळेतली प्रथिनं त्या खाचांत बसतात. मग बाँडिंगला जागाच उरत नाही." (ही आँऑंची भाषा यांना कॉलेजातच शिकवत असणार.)

पुन्हा ॲसिड, पुन्हा धुणं. शेवटी दाढेभोवती रबर डॅमचा पडदा ताणून बसवला. हा उपाय १८६४ पासून माहीत आहे, मग आधीच का नाही लावला? तेही मी विचारलं, पण या वेळी त्यांना आँऑं कळलं नाही.

मग फिलिंगचा एकेक थर आणि प्रत्येक थरावर निळा लाईट. दगडासारखं कडक झालं. पडदा निघाल्यावर मी माणसांच्या भाषेत विचारलं, "आता लाळ लागली तर चालेल ना?"

"आता चालेल. तसं रेझिन थोडं पाणी पितं, किंचित फुगतं. आणि लाळेतली एन्झाइम्स त्याला वर्षानुवर्षं कुरतडत राहतात, पण ते अगदी हळूहळू."

म्हणजे अर्धा तास जिला दाराबाहेर थोपवलं, घर शेवटी तिच्याच ताब्यात!

"चूळ भरा," त्या म्हणाल्या.

जीभ केव्हाच पाहणीला पोचली होती.