वर्गात बसलेला, तरी गैरहजर

मागच्या सेमिस्टरला परीक्षेचे फॉर्म भरायच्या वेळी आमच्या विभागात हजेरीची यादी लागली. ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्यांत एक नाव दिसलं आणि मला ते पटेना. हा मुलगा रोज दुसऱ्या बाकावर असतो. कामठीहून येतो, भर पावसातही चुकत नाही. बोलावून विचारलं, तर मान खाली. मग वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, "मॅडम, 'प्रेझेंट' निघेपर्यंत पुढचा नंबर येते."

नागपुरात २२ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे मी. त्याला गैरहजर मांडणाऱ्यांत मीही होते. रजिस्टरमधून डोकं वर काढलं असतं तर तो समोर दिसला असता.

तो बोलताना अडखळतो. आपण 'तोतरा' म्हणतो आणि घाबरतो म्हणून असं होतं, असं धरून चालतो. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला हा त्रास असतो, मुलग्यांत जास्त. त्याचं मूळ मेंदूच्या बोलण्याच्या यंत्रणेत आणि बरेचदा आनुवंशिकतेत असतं. भीतीमुळे अडखळणं वाढतं, पण भीती हे त्याचं मूळ कारण नव्हे. त्याची आई मला म्हणाली, "घरी चांगला बोलते जी, गाणं तर एकदाही न अडकता म्हणते." हे अगदी खरं असतं. गाताना, चारजणांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं जवळपास थांबतं. म्हणूनच लोकांना वाटतं, पोरगा नाटक करतो.

अडणारा शब्द टाळून दुसरा वापरायचा, ही या मुलांची रोजची कसरत. याचा 'प' अडतो. कँटीनमध्ये पोहे हवे असले तरी तो चहा मागतो. पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'पॅरेन्कायमा' (वनस्पतीतली एक ऊती) विचारलं तर काय करणार? त्याला दुसरा शब्दच नाही. स्वतःच्या नावालाही नसतो, म्हणून नाव सांगताना ही मुलं सगळ्यात जास्त अडकतात, आणि आपला पहिला प्रश्न नेमका तोच असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका एक्स्टर्नलने अशाच एका मुलीला तीन-चार सेकंद थांबून "नेक्स्ट" म्हटलं. तिला उत्तर येत होतं. तिची जर्नल मी तपासली होती, मला माहीत होतं. मी गप्प बसले. पाहुण्या परीक्षकाला कसं टोकायचं, एवढाच विचार तेव्हा केला. तिला दहापैकी तीन मिळाले. ते तीन गुण तिच्या वनस्पतिशास्त्राचे नव्हते.

ऑफिसात अशा मुलांच्या सवलतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर्टिफिकेट आणा." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत, त्यात वाचा व भाषा दिव्यांगताही आहे. पण तिच्या व्याख्येत उदाहरणं आहेत स्वरयंत्र काढून टाकल्याची आणि मेंदूला इजा होऊन भाषा गेल्याची. अडखळणाऱ्या मुलाला ४० टक्के दिव्यांगतेचा दाखला मिळणं फार कठीण. तर दाखल्याशिवाय काहीच द्यायचं नाही का? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. २०२४ मध्ये तर महाराष्ट्रातल्याच एका मुलाचं प्रकरण होतं. जन्मजात दुभंगलेल्या टाळूमुळे त्याचे उच्चार अस्पष्ट, आणि दिव्यांगतेची टक्केवारी जास्त म्हणून एमबीबीएसचा प्रवेश अडलेला. न्यायालय म्हणालं, नुसता आकडा पाहून अपात्र ठरवू नका, हा मुलगा हे शिक्षण घेऊ शकतो का ते तपासा. त्या खंडपीठावर न्या. भूषण गवई होते, आपल्याच नागपूर खंडपीठात वकिली केलेले.

डॉक्टरकीच्या शिक्षणाला जे लागू होतं, ते आमच्या दहा गुणांच्या व्हायवाला का नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे कुणा परीक्षकाच्या चांगुलपणावर सोडू नका, विभागाच्या परीक्षा-सूचनेत लिहा. अशा विद्यार्थ्याला व्हायवाला जास्त वेळ. हवं तर उत्तर कागदावर किंवा फळ्यावर लिहायची मुभा. सेमिनार घरून रेकॉर्ड करून आणला तर चालेल. त्याचा नंबर शेवटी असेल तर त्याला विचारून आधी घ्या, कारण दोन तास रांगेत बसून जीभ आणखी जड होते. आणि यातलं काय हवं ते त्यालाच विचारा, एकट्याला, वर्गासमोर नाही. काहींना कुठलीच सवलत नको असते, फक्त समोरच्याने बोलणं पूर्ण होऊ द्यावं असं वाटतं. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. "सावकाश बोल", "श्वास घे" हेही नको. मी वर्षानुवर्षं मायेनेच म्हणत आले, त्याने ओझं वाढतं हे आता कळलं.

गुण फुकट वाटले जातील, अशी शंका एका सहकाऱ्यांनी काढली. प्रश्न तेच, उत्तरही तेच लागतं. फक्त घड्याळ थोडं थांबतं.

हजेरी मी आता कागद फिरवून सहीने घेते, दोन-तीन मिनिटं लागतात. त्याची मागची हजेरी दुरुस्त करायला तीन अर्ज करावे लागले, फॉर्म शेवटच्या दिवशी भरला गेला. पुढच्या सोमवारी विभागाची बैठक आहे, तिथे हा ठराव मांडणार आहे. नागपुरातल्या कुठल्या कॉलेजात असं काही लेखी स्वरूपात असेल तर मला कृपया पाठवा, सोबत जोडायला हवं आहे.