मोबाईल आहे म्हणून गरीब नाही म्हणे

कालपासून तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, "ज्याच्या हातात मोबाईल तो गरीब नाही, मोजायचीच तर कमाई मोजा, बाकी निर्देशांक वगैरे भारताला बदनाम करायला परदेशात काढलेत." अण्णा, तुम्हीपण टाकलात म्हणून लिहितोय, राग नको.

मोबाईलचं आधी. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक कमाई नाही, तर आरोग्य, शिक्षण, राहणीमान यात घराला काय कमी पडतं ते मोजतो. त्यात 12 गोष्टी बघतात. टीव्ही, सायकल, फ्रीज, मोबाईल हे सगळं मिळून त्यातली एक, आणि तिला वजन फक्त 1/21. त्यातपण नुसता मोबाईल असेल, यादीतलं दुसरं काहीच नसेल, तर त्या बाबतीत घराला कमीच आहे असं धरतात.

आता कमाई. आमच्या गल्लीत एक अक्का विड्या वळतात, हजारावर मजुरी, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं काही मिळत नाही. पोरगी सहावीतून घरी बसली, आता आईशेजारी बसून पानं कापते, त्यामुळं हजारी लवकर भरते आणि घरात चार पैसे जास्त येतात. म्हणजे तुमच्या हिशोबानं ते घर सुधारलं की! निर्देशांकात मात्र पोरगी शाळेत नाही याचंच वजन 1/6 आहे, घरात कुणी कुपोषित निघालं की आणखी 1/6, झाला एक तृतीयांश, आणि एवढं भरलं की घर गरीब धरतात. गॅस आहे त्यांच्याकडं, पण सिलिंडर रिकामं कोपऱ्यात आणि त्यावर पानांची पाटी, भाकरी चुलीवरच. सर्व्हेत गॅस आहे का एवढंच विचारत नाहीत, मुख्यतः कशावर शिजवता ते विचारतात.

परदेशी म्हणाल तर हो, असं मोजणं 2010 साली ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेनं सुरू केलं, पण आपला निर्देशांक नीती आयोगाचा, आकडे सरकारच्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे, आणि त्यात गरिबी 2015-16 च्या 24.85 टक्क्यांवरून 2019-21 ला 14.96 वर आलेली दिसते. बदनामी कुठं झाली सांगा.

नावं ठेवायचीच तर मी जागा दाखवतो. पाण्याच्या बाबतीत निर्देशांकात बघतात स्रोत चांगला आहे का आणि जाऊन-येऊन अर्धा तास लागतो का. आपल्याकडं नळ दारात, सगळं ओके. पण तो नळ चार-पाच दिवसाआड येतो, कधी रात्री दोनला, आणि अक्का विड्या बाजूला सारून बॅरल भरत बसतात, त्याला रकानाच नाही.