पहिला नंबर बाबाचा, फोन मात्र मलाच

मंगळवारी सकाळी मी फोर्टला ऑफिसात मीटिंगमध्ये होते. फोन सायलेंटवर. बाहेर येऊन बघते तर लेकीच्या शाळेचे पाच मिस्ड कॉल, पहिला ११ वाजून १७ मिनिटांचा. पोटात गोळाच आला. लावला तर मिस म्हणाल्या, "अहो मम्मी, कधीपासून फोन लावतोय तुम्हाला! ताप आहे तिला, उलटी झाली. सारखी रडतेय."

मी विचारलं, "तिच्या बाबांना केलात का फोन?"

"नाही, म्हटलं आईलाच कळवावं."

तिचा बाबा मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम करतो. आमच्या घरापासून शाळा चालत बारा मिनिटं. प्रवेशाच्या फॉर्मवर पहिला नंबर त्याचा आहे, कारण फॉर्मवर वडिलांचा रकानाच आधी येतो. शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर पुन्हा त्याचाच. एवढं असून माझी सात वर्षांची पोर उलटीने भरलेल्या युनिफॉर्ममध्ये पाऊण तास बाकावर बसून राहिली, आणि शाळा ठाण्याहून फोर्टला फोन लावत राहिली. मी त्याला फोन केल्यावर तो चौदाव्या मिनिटाला तिथे होता. त्याने ऑफिसात कुणाची परवानगी मागितली नाही, लॅपटॉप तसाच उघडा टाकून धावला. म्हणजे येणारा माणूस होता. त्याला बोलवायचं कुणाला सुचलंच नाही.

आणि मला काय ऐकावं लागलं? "आई असून फोन जवळ ठेवत नाही तुम्ही?" दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर, चार जणींसमोर. घरी असलेल्या बापाला एकही फोन न करणाऱ्या शाळेने मला हे सुनवावं! माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शांत झालेला नाही.

आता त्या व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल. वर्गाच्या ग्रुपचं नावच 'सेकंड बी मॉम्स'. सगळ्या सूचना तिथेच येतात: उद्या पांढरे मोजे, परवा मोड आलेली मटकी डब्यात, शुक्रवारी आकाशकंदिलाचं सामान. मी जूनमध्ये म्हटलं होतं की नवऱ्याचा नंबर घाला, दोघांनाही कळेल. उत्तर आलं, "नको गं, बाकीच्या मॉम्सना अवघडल्यासारखं होईल." कशाचं अवघडलेपण? मोज्यांचा रंग बापाला कळला तर कुणाचं काय बिघडतं? मला शाळेइतकाच राग या आपल्याच बायकांचा आला. घरी नवरा काही बघत नाही म्हणून त्याच ग्रुपवर रडायचं, आणि एखादा बघायला तयार असेल तर त्याला दारातच अडवायचं.

याची किंमत कोण मोजतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याची आई करोनात गेली. बाबा एकटेच सांभाळतात. ऑगस्टमध्ये मुलांना भाजीवाला, पोस्टमन, डॉक्टर असं काहीतरी बनून यायचं होतं. निरोप आला फक्त मॉम्सच्या ग्रुपवर. सगळी पोरं नटून आली आणि हा एकटा निळ्या चड्डीत, दप्तर पोटाशी धरून प्रार्थनेच्या रांगेत उभा. त्याचे बाबा फाटकाशी मला म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही हो." मी काय उत्तर देणार होते? ग्रुपवर मी होते. मलाही त्यांना फोन करायचं सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःचीही लाज वाटली. ३८ आयांपैकी एकीलाही त्या पोराची आठवण झाली नाही.

कायद्याचं तर सांगायलाच नको. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा. त्याच्या कलम ६ नुसार मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. या 'नंतर'चा अर्थ बाप गेल्यावरच असा लावायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९९ मध्ये सांगावं लागलं. तरी बँकेत, मालमत्तेच्या कागदावर पालक म्हटलं की आधी बाप. आणि ताप, उलटी, उवा, हरवलेली पाण्याची बाटली म्हटलं की आई. महाराष्ट्रात २०२४ मध्ये नियम आला की मुलाच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं. छान झालं, मला आनंदच आहे. पण नावात मला पुढे घेऊन भागत नाही, कामात त्यालाही शेजारी उभं करा ना!

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ १३४ मिनिटं निघाला, पुरुषांचा ७६. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट हे त्यात नाहीच, ते वेगळं मोजलंय. तिथे बायका २९९ मिनिटं आणि पुरुष ९७. आणि लक्षात ठेवण्याची मिनिटं तर कुणीच मोजत नाही. पाचव्या वर्षाचा बूस्टर झाला का, बूट आता किती नंबरचे लागतात, कुठल्या सिरपने अंगावर पित्त उठतं, कुठल्या मैत्रिणीशी कट्टी आहे म्हणून ती डबा परत आणतेय, हे सगळं माझ्या डोक्यात चोवीस तास चालू असतं.

इथे मी नवऱ्यालाही सोडणार नाही. मंगळवारी तो धावला, मान्य. तिला डॉक्टरांकडेही त्यानेच नेलं. तिथून मला फोन! "अगं, वजन किती हिचं? डॉक्टर डोससाठी विचारतायत." एकवीस किलो. सात वर्षं ज्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरतोस, तिचं वजन तुला माहीत नाही? संध्याकाळी मी चिडले तर म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर केलं असतं." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. मला कोण सांगतं? मी कुणाच्या सांगण्याची वाट बघत बसले असते तर ही पोर दोन वर्षांचीसुद्धा झाली नसती.

वर माझी आई. "जावई किती गुणी गं, स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले!" आई, तो तिचा बाप आहे. शेजारधर्म म्हणून नव्हता गेला. आणि डॉक्टरांनी त्याला विचारलेला पहिला प्रश्न काय, तर "मम्मी नाही आल्या?" बापाने यायचं तर त्याला उपरा ठरवायचं, आणि नाही आला तर पुरुषांना जमतच नाही म्हणायचं.

ऑफिसची तर गोष्टच काढू नये. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली तर साहेब म्हणाले, "पुन्हा?" पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय हवी, असं कायद्यात २०१७ पासून लिहिलंय. आमच्याकडे सत्तरच्या वर माणसं आहेत. पाळणाघर कुठे आहे विचारलं तर एचआरवाली माझ्याकडे बघत राहिली. कायद्याने आईला २६ आठवडे रजा आहे. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवससुद्धा नाही. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात, बाकीच्यांनी कंपनीच्या मर्जीवर राहायचं. मूल जन्मल्याच्या चौथ्या दिवशी ज्याला कामावर हजर व्हावं लागतं, त्याने बाळाचं अंग कसं पुसायचं हे शिकायचं कधी? मग सात वर्षांनी तो वजन विचारायला फोन करतो.

काल रात्री मी 'सेकंड बी मॉम्स'मधून बाहेर पडले. निघताना लिहिलं की यापुढे आमच्या घरचा नंबर हा, आणि नवऱ्याचा नंबर दिला. त्या मुलाच्या बाबांना विचारून त्यांचाही दिला. सकाळपर्यंत मला तीन फोन आले, राग आला का गं म्हणून. हो, आलाय. दोन्ही नंबर अजून कुणी ग्रुपमध्ये घेतलेले नाहीत. सोमवारी चित्रकलेच्या तासाला काय न्यायचंय ते मला माहीत नाही, आणि मी कुणालाही विचारणार नाहीये. नवरा उद्या शाळेत जाऊन मिसना विचारून येणार आहे. त्या मुलासाठीही.